बोटाला लावायचं पल्स ऑक्सिमीटर: ॲम्ब्युलन्समध्ये रोज वापरून

सिव्हिलसमोरच्या सर्जिकल दुकानातून घेतलेलं हे ऑक्सिमीटर ड्युटीवर कायम माझ्या खिशात असतं. मी सोलापुरात खासगी ॲम्ब्युलन्सवर टेक्निशियन आहे. १०८ च्या गाडीवर डॉक्टर असतो. आमच्या गाडीत मागे पेशंट, एखादा नातेवाईक आणि मी. गाडीत मोठा मॉनिटर आहे, पण अरुंद जिन्यावरून पेशंट उतरवताना तो कोण धरणार? तिथे हेच कामाला येतं.

घेताना लाट, म्हणजे नाडीच्या ठोक्यागणिक स्क्रीनवर उठणारी रेघ, दिसणारंच घ्या. नुसते आकडे दाखवणारं थोडं स्वस्त पडतं, त्याच्या नादी लागू नका. लाट एकसारखी, ठसठशीत उठत असेल तरच आकड्यावर भरवसा. तुटक असेल तर ९८ दिसलं तरी मी ते केस पेपरवर लिहीत नाही. हे यंत्र लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश बोटातून आरपार सोडतं आणि रक्ताने कोणता किती शोषला त्यावरून ऑक्सिजनचा टक्क्यांत हिशोब लावतं. ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरने १९७० च्या दशकात ही युक्ती शोधली. म्हणून प्रकाशाच्या वाटेत जे येईल ते आकडा बिघडवतं: गडद नेलपॉलिश, काळी मेंदी, आणि आपल्या गावात सुताचा रंग.

अशोक चौकाच्या बाजूला डाइंगमध्ये काम करणाऱ्या एका अण्णांना दम लागला होता. दोन्ही हातांची बोटं नखांसकट निळी. यंत्र एकदा ८४ दाखवायचं, एकदा नुसत्या रेघा. स्पिरिटने पुसलं, रंग हलला नाही. शेवटी पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला लावलं. थोड्या वेळाने लाट स्थिर झाली, ९३. तोवर मी त्यांच्या श्वासांवर नजर ठेवून होते. ट्रेनिंगमध्ये आमच्या मॅडम हेच घोकून घ्यायच्या: नाडी धरल्यासारखं करायचं आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, म्हणजे पेशंट मुद्दाम श्वास बदलत नाही. मोठ्या माणसाचे १२ ते २० ठीक. पंचविशीच्या पुढे जात असतील, मानेचे स्नायू ओढले जात असतील, तर आकडा कितीही छान असो, मी थांबत नाही.

सोलापूरच्या बाळे भागाजवळ हायवेवर एप्रिलच्या दुपारी रीडिंग घेताना हातावर ओढणी धरावी लागते, थेट उन्हात ते भरकटतं. ज्या हाताला बीपीचा पट्टा त्याच हाताला लावलं तर पट्टा फुगताच लाट गायब होते. नातेवाईक घाबरतात, म्हणून दुसरा हात. सावळ्या, काळ्या कातडीवर आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त येऊ शकतो, आणि एरवीही एक-दोन टक्क्यांचा फरक धरूनच चालायचं.

सगळ्यात मोठी उणीव मात्र जीवघेणी आहे. थंडीत दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवतात. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताला चिकटला तरी यंत्राला तो ऑक्सिजनच वाटतो. माणूस गुंगीत आणि स्क्रीनवर ९९. अशा ठिकाणी आधी दार उघडा, माणसाला बाहेर काढा.

दुसरीकडे, वर्षानुवर्षं विड्या वळलेल्या, फुप्फुसं कायमची खराब झालेल्या काही अक्का मला भेटतात. सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या, अशा पेशंटचा आकडा ८८ ते ९२ एवढाच ठेवायचा असतो. घरचे म्हणतात, "ताई, ऑक्सिजन वाढवा की!" पण त्यांना भरमसाट ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. त्या वेळी या यंत्राची खरी किंमत कळते, कारण ते बघतच मी फ्लो कमी-जास्त करते.

किंमत साधारण हजाराच्या आत-बाहेर. जुलै २०२१ मध्ये सरकारने ऑक्सिमीटरवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली होती, तेव्हा छापील किंमत बघून घासाघीस करायला लाजू नका. दुकानात स्वतःच्या बोटाला लावून लाट बघा, हात हलवून परत बघा. माझ्या यंत्राचा आतला रबर आता सैल झालाय, बारीक बोटांवरून घसरतं. बाकी तक्रार नाही.

घरात दमेकरी किंवा सीओपीडीचा पेशंट असेल तर जरूर घ्या. बरं वाटत असताना त्यांचा नेहमीचा आकडा वहीत लिहून ठेवा. तो खाली जाऊन तिथेच राहिला, किंवा बोलताना एक वाक्यही पूर्ण होईना, तर बोटं बदलत बसू नका, १०८ लावा.