साठ मशिनींवर थंडरबर्ड, आणि काकूंचा फॉन्ट

आमचं ऑफिस नागपूरजवळ वाडीला, अमरावती रोडवर. ट्रान्सपोर्ट आणि गोदामाचा धंदा, हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीत एकेक छोटी शाखा. सगळ्या मिळून साठ मशिनी, आणि आयटी विभाग म्हणजे मी एकटा. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद आणि मे महिन्यात बंद पडलेला सर्व्हर रूमचा कूलर, दोन्ही माझ्याच खात्यात.

जुन्या मेल प्रोग्रामच्या लायसन्सचं बिल आलं तेव्हा सेठ एवढंच म्हणाले, "फुकटात होत असंन तर पाहा ना." म्हणून थंडरबर्ड, मोझिलावाल्यांचा फुकट मेल प्रोग्राम. आठ महिने झाले वापरून.

थंडरबर्ड काही नवखं नाही. पहिली आवृत्ती डिसेंबर २००४ ची. २०२३ च्या ११५ नंबरच्या आवृत्तीत तोंडवळा बराच बदलला, त्यामुळे कुणी कॉलेजात असताना पाहिलं असेल तर आता ओळखू येणार नाही. "फुकट देतात तर त्यांचं पोट कशावर?" हा सेठचा पुढचा प्रश्न. देणग्यांवर, सेठ. त्यांना ते पटलेलं नाही.

घरी एका लॅपटॉपवर थंडरबर्ड कसं चालतं, हे सांगणारे पुष्कळ भेटतील. मी साठ मशिनींचं सांगतो, कारण खरी मजा तिथे आहे. आधी मी एकेका टेबलावर बसून सर्व्हरचं नाव, पोर्ट ९९३, पोर्ट ४६५, एसएसएल असं टाकत असे. एका मशीनला पंधरा मिनिटं, मधे कुणी चहा घेऊन आलं तर पंचवीस. थंडरबर्डच्या इन्स्टॉलेशन फोल्डरमध्ये 'आयएसपी' नावाचा फोल्डर करून त्यात आपल्या डोमेनच्या (मेल आयडीत @ नंतर येतं ते) नावाची, या सगळ्या सेटिंग लिहिलेली एक एक्सएमएल फाइल ठेवली की हे सगळं संपतं. वापरणाऱ्याने नाव, मेल आयडी आणि पासवर्ड टाकायचा, बाकीचं थंडरबर्ड त्या फाइलमधून उचलतं. युजरनेमच्या जागी टक्के-चिन्हांमध्ये 'ईमेलअ‍ॅड्रेस' लिहायचं, म्हणजे साठ जणांना एकच फाइल चालते. बुटीबोरीच्या पोरांनी मला न बोलावता खाती सुरू केली. नोकरीला लागल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं.

दुसरी फाइल म्हणजे मोझिला.सीएफजी. हिच्याशी मात्र मी झटलो. सगळ्या मशिनींवर लागू करायच्या सेटिंग इथे लिहायच्या, आणि ही फाइल कुठे आहे ते सांगणारी छोटी दुसरी फाइल 'डिफॉल्ट्स'च्या आत 'प्रेफ' फोल्डरमध्ये ठेवायची. त्या छोट्या फाइलमध्ये 'ऑब्स्क्युअर व्हॅल्यू' शून्य करायला विसरलात, तर थंडरबर्ड तुमच्या फाइलचं प्रत्येक अक्षर तेरा घरं सरकवून वाचतं. लपवाछपवीची ही जुन्या जमान्यातली सोय अजून जिवंत आहे. आणि सीएफजीची पहिली ओळ ते वाचतच नाही. तिथे कॉमेंटच हवी, म्हणजे नुसती माणसांसाठीची टीप. मी पहिल्याच ओळीत खिडक्यांच्या मांडणीची सेटिंग लिहिली होती. बाकी सगळं लागू, तेवढी एक नाही. दोन तास गेले. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एका ओळीत शेवटचं अवतरणचिन्ह राहिलं, आणि मी तीच फाइल हिंगण्याच्या सगळ्या मशिनींवर ढकलली. सकाळी साडेनऊला फोन.

"दादा, कॉम्प्युटर म्हणून राहिला की सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरले भेटा. तो कोठी बसते?"

"मीच तो बे."

तेव्हापासून नवी फाइल आधी माझ्या मशीनवर एक दिवस चालते, मगच बाहेर जाते.

त्या फाइलमध्ये सेटिंग तीन प्रकारे लिहिता येते, आणि सगळं शहाणपण त्या निवडीत आहे. 'लॉकप्रेफ' लिहिलं की कुलूप, वापरणाऱ्याला ती सेटिंग बदलताच येत नाही. नुसतं 'प्रेफ' लिहिलं तर त्याने बदललेलं पुढच्या वेळी उघडताना पुन्हा आपण फाइलमध्ये लिहिलेल्यावर येतं. 'डिफॉल्टप्रेफ' म्हणजे सुरुवात आपली, पुढे त्याची मर्जी. नवं कुलूप हातात आलं की माणूस संडासाच्या दारालाही लावून पाहतो. मी तर अक्षरांचा आकारसुद्धा लॉक केला. सगळीकडे सारखं दिसावं म्हणून!

अकाउंट्सच्या काकू निवृत्तीला आलेल्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. तीन दिवस काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी डब्यातली सांबारवडी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "काय रे, मी प्लस दाबून राहिली, दाबून राहिली, अक्षरं मोठी काहून होत नाही?" मेनूत फॉन्ट साइजचं प्लस-मायनस असतं, ते त्या तीन दिवस दाबत होत्या. वडी घशाखाली उतरेना. त्या संध्याकाळीच फॉन्ट आणि मांडणी दोन्ही डिफॉल्टप्रेफ केलं.

आता कुलूप फक्त दोन गोष्टींना. बाहेरच्या मेलमधली चित्रं आपोआप उघडत नाहीत, ती तशीच राहिली पाहिजेत. 'बिल जोडलं आहे' अशा फसव्या मेलचा आमच्या धंद्यात रोज पाऊस असतो. आणि अ‍ॅड-ऑन, म्हणजे थंडरबर्डला जोडायचे छोटे प्रोग्राम, टाकायला बंदी. ही दुसरी सीएफजीमधून नाही, पॉलिसीज.जेसन या फाइलमधून केली. ती 'डिस्ट्रिब्युशन' फोल्डरमध्ये ठेवायची. तिच्यात एक स्वल्पविराम जास्त झाला तर अख्खी फाइल बाद, पण 'अबाउट पॉलिसीज' उघडलं की काय लागू झालं आणि काय चुकलं ते समोर दिसतं. त्या पानाने माझे बरेच तास वाचवले.

घ्यायचं तर ईएसआर आवृत्ती घ्या, म्हणजे जिच्यात मोठे बदल वर्षातून एकदाच येतात ती. दर महिन्याला नवं काहीतरी बदललेलं साठ लोकांना समजावण्याइतका पगार मला नाही. विंडोजवर बसवायला एमएसआय फाइल मिळते, ती स्क्रिप्टने कुणाला काही न विचारता बसते. दहाएक मशिनींच्या ऑफिसला हा सगळा खटाटोप करायची गरज नाही, सरळ हाताने खाती टाका. आणि असल्या फायली लिहायला, तपासायला ऑफिसात कुणीच नसेल तर सेठला सांगा, फुकट पडणार नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. काकूंना विचारलं तर त्या पाच म्हणतात, पण त्यांच्या स्क्रीनवरचा मेलचा विषय आता दारातूनच वाचता येतो, त्यामुळे पगारवाढीचे मेल त्या स्क्रीन वळवून उघडतात.