अप्पांची कॉन्टेसा: चार महिने सांगितले, तेरा लागले, तरी काम एक नंबर

आधीच सांगतो, अप्पांची जुनी कॉन्टेसा गाडी जिथं नव्यासारखी करून घेतली त्या गॅरेजचं नाव टाकत नाहीये. मिस्तरीनंच सांगितलंय नाव टाकू नका म्हणून, एका वेळेला दोनच गाड्या घेतो आणि त्यासुद्धा वेळेवर निघंनात. आणि पुढं मी ज्या शिव्या घालणारय त्या बघता नाव नसलेलंच बरं. गॅरेज संभाजीनगरात आहे, आम्ही लातूरचे, एवढं पुरे.

गाडी म्हणजे हिंदुस्तान कॉन्टेसा क्लासिक, १.८ पेट्रोल, फेब्रुवारी १९९३ ची, एमएच-२४. पहिले मालक अप्पा आणि शेवटचे पण अप्पाच, मार्केट यार्डात आडत होती तेव्हा घेतलेली. पोरं आता हिला इंडियाची मसल कार म्हणतात, ते फक्त दिसण्यावरून हां, लांब बोनट, रुंद बूड, मागची चाकं ओढणारी, बाकी अमेरिकेतल्या त्या तगड्या मस्टँग-कॅमॅरोत आठ सिलेंडरचं व्ही-८ इंजिन असतं आणि हिच्यात चार सिलेंडर. मुळात ती इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची बॉडी, १९८४ ला आली तेव्हा अँबॅसेडरवालं १४८९ सीसीचं इंजिन टाकलं होतं, बिचारीला चढ चढवत नव्हता. इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअर आले तेव्हा कुठं गाडी गाडीसारखी पळायला लागली. २००२ ला बंदच झाली, म्हणजे कंपनीचा पार्ट नावाची गोष्ट आता विसरायची.

दिवाळी २०२२ झाल्यावर फ्लॅटबेडवर टाकून नेली. दहा वर्षं पत्र्याच्या शेडमधी उभी, अधनंमधनं स्टार्ट करायचो तेवढंच. मिस्तरी साठीचे असतील, मी चाचा म्हणतो. चाचांनी गाडीला चक्कर मारली, खिशातनं लोहचुंबक काढलं, एका दोऱ्याला बांधलेलं, आणि दारापासनं मडगार्डपर्यंत हळूहळू फिरवत नेलं. जिथं चिकटलं तिथं पत्रा, जिथं घसरलं तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. सगळ्या गाडीत एकच जागा घसरली, मागचं डावं मडगार्ड, ९८ ला बैलगाडीचं जू लागलं होतं तिथं. मग म्हणले, "मुंबई की गाडी होती तो नीचे से हात आरपार जाता." आपल्याकडं पाऊस कमी त्याचा एवढा तरी फायदा. खालची चेसी, दाराखालचे सिल ठणठणीत. सडलं होतं ते फक्त ड्रायव्हरच्या पायाखालचं, कारण पुढच्या काचेचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, उन्हानं कडक होऊन तडकलेलं, त्यातनं पाणी झिरपून मॅटखाली बसायचं आणि वरनं मॅट असल्यानं वाळायचंच नाही. मॅट उचलली तर खाली तुरीचा भुसा, दोन हिशोबाच्या चिठ्ठ्या आणि बिस्किटासारखा झालेला पत्रा.

कलर मात्र आम्हीच खाल्ला होता. २०१६ आठवतंय ना, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं लातूरला, त्या वर्षी गाडी धुवायची म्हणलं तर शेजाऱ्यांनी मारलं असतं. मग अप्पा रोज सकाळी कोरडं फडकं मारायचे. धुळीवर कोरडं फडकं म्हणजे पॉलिश पेपरच की, बोनेटवर गोल गोल रेघाच रेघा. चाचांनी बोट फिरवून विचारलं, "ये किसने घिसा?" मी गप.

आता कामाचं. या माणसाचं मला सगळ्यात आवडलं ते असं की तो गाडी चमकवायच्या मागं लागत नाही, कंपनीतनं निघाली तशी करायच्या मागं लागतो. मला बोनेटवर काळे पट्टे पाहिजे होते (हसू नका), सरळ नाही म्हणाले. क्रीम कलर मॅच करायला कॅटलॉग नाही बघितला, मागच्या दाराचं रबर सोलून आतला पत्रा उघडा केला, जिथं तीस वर्षं ऊन लागलं नव्हतं. बाहेरचा कलर पिवळसर दिसायचा, आतला दुधावरच्या सायीसारखा. तोच मॅच केला. जुना कलर पार पत्र्यापर्यंत उतरवला, फ्लोअरचा तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड केला, आधी इपॉक्सी प्रायमर, मग पीयू (पॉलियुरेथेन) कलर. कलर तोच ठेवल्यानं आरटीओत कलर बदलल्याची नोंद करायची कटकट पण वाचली.

इंजिन बदला म्हणून दोघा-तिघांनी सल्ला दिला होता. चाचा म्हणले ब्लॉकवरचा नंबर आरसीवर आहे, त्याला हात लावायचा नाही. अप्पांची डायरी इथं कामाला आली. प्रत्येक पेट्रोल, प्रत्येक ऑइल, तारीख किलोमीटरसकट, १,३८,००० पर्यंत. डायरी वाचून चाचांनी सांगितलं की याचं बोअर (सिलेंडर आतनं घासून मोठं करायचं काम) झालेलं नाही आणि करायची गरज पण निघणार नाही, उघडल्यावर तेच निघालं. रिंगा नव्या, वाल्व घासले, क्लच प्लेट नवी, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बदलले. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि कार्बोरेटरचं किट बदललं, कारण आता पंपावर इथेनॉलवालं पेट्रोल येतं आणि त्यानं जुनं रबर फुगून सुटतं. जुनी गाडी असणाऱ्यांनी बाकी काही नाही तर एवढं तरी करून घ्या, आग लागायची भीती असती.

पार्टचं काय सांगावं. दारांचं बीडिंग दिल्लीच्या काश्मिरी गेटवरनं, मागची लाइट कोलकात्याच्या मलिक बाजारातनं, आरसा कुर्ल्याच्या भंगारातनं. चाचा फोटो पाठवायचे, मी पैसे पाठवायचो. दोनदा चुकीचा माल आला. एकदा तर टेल लाइट म्हणून अँबॅसेडरची लाइट आली, ती अजून माझ्याकडं पडलीय, कोणाला पाहिजे असंल तर न्या.

एक दिवस चाचांचा फोन, मागच्या सीटला ट्रॅक्टरचे बोल्ट कामून लावलेत? मी अप्पांना विचारलं. किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर ९३, त्यानंतर आठ-दहा दिवस सीट काढून ठेवली होती, मागं ब्लँकेटं आणि पावाच्या लाद्या भरून फेऱ्या मारायचे. मूळचे बोल्ट त्यात हरवले, मग मिळंल ते लावलं. मला वाटलं अप्पा म्हणतील राहू दे ते, आठवण आहे. अप्पा म्हणाले, "फेक म्हणावं ते, तीस वर्षं झाली कडकड वाजायलेत."

आता शिव्या. चार महिने सांगितले होते, लागले तेरा. मधी अडीच महिने गाडीला हातच लागला नाही, कारण रमजान, मग लग्नसराई, मग पेंटरचा पाय मोडला, मग दुसरा पेंटर पळाला. फोन दुपारी उचलणार नाही, रात्री उचलणार नाही. आरसीची मुदत फेब्रुवारी २३ ला संपत होती आणि गाडी तेव्हा तुकड्यात पडलेली. रिन्यूअलची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० ची ५,००० झाली होती आणि वर उशिराचे तेव्हा महिन्याला ५००, म्हणजे चाचांच्या कृपेनं आणखी पाचेक हजाराला टोपी. पन्नास वर्षांची असती तर विंटेजमधी तरी टाकली असती, ही मधल्यामधी लटकलेली.

अंदाज साडेतीन लाखाचा होता, झाले पाच चाळीस. त्यातले दोन लाख दहा नुसते डेंटिंग-पेंटिंगचे, ते मला पटतात. पण बाकीचा हिशोब सिगारेटच्या पाकिटावर, वहीच्या फाटक्या कागदावर, एक चिठ्ठी तर कुरडया-शेवया लिहिलेल्या यादीच्या मागं. बिल मागितलं तर वाईट वाटतं त्यांना. आणि सीट कव्हर भंगार केलं, रेक्झिनची शिलाई जाड, ओरिजनलला बारीक उभ्या पट्ट्या होत्या, ह्यानं रिक्षासारखं करून ठेवलं. ते काम बाहेर दिलेलं, पण पैसे चाचांनीच घेतले ना. बंपरचं क्रोम सहा महिन्यात एका कोपऱ्याला उडालं, परत पाठवल्यावर फुकट करून दिलं, ते कबूल.

डिसेंबर २३ ला आणायला गेलो तेव्हा मी पण घरातलं फ्रिजचं चुंबक घेऊन गेलो होतो. लाजत लाजत फिरवायला लागलो तर चाचांनी स्वतःचं काढून हातात दिलं, ये लो, इससे देखो. सगळीकडं चटाचट चिकटलं. फक्त त्या डाव्या मडगार्डला तळहाताएवढ्या जागेत जरा ढिलं. "उत्ता तो रहताच साब, और खेंचे तो पत्रा फटता." सांगून लांबी भरणारा पहिला माणूस बघितला मी.

येताना अप्पांनी स्वतः चालवली, वय ७८. गेवराई, बीड, मांजरसुंब्याला चहा, केज, अंबाजोगाई, लातूर. ना तापली ना कुठं कडकड. फक्त पेट्रोलचा काटा अर्ध्यावरच बसतो, टाकी भरली तरी अर्धा, दीड-दोन वर्षं झाली तसाच आहे, चाचा म्हणतात पुढच्या वेळी बघू. अप्पा डायरीतनं हिशोब लावतात, गावात नऊ आणि हायवेला अकराचं ॲव्हरेज, त्यामुळं त्यांचं काही अडत नाही. माझं अडतं, मी एकदा रेणापूरच्या अलीकडं बंद पडून बसलो होतो.

कोणाला खरंच करायची असंल तर विचारा, नंबर देतो. फक्त आधी कागदावर अंदाज लिहून सही घ्या, आरसीची मुदत बघून मगच गाडी टाका, सीटचं काम तिकडं देऊ नका. सध्या परभणीची एक प्रीमियर पद्मिनी आणि एक जीप उभी आहे म्हणले, म्हणजे पुढचं वर्ष तरी नंबर लागणार नाही. फोन सकाळी नऊच्या आत करायचा.