पोर्ट लुईचं गुलामगिरी संग्रहालय आणि त्या १६ पायऱ्या

जुलैत नौपाड्यातल्या आम्ही ११ जणी मॉरिशसला गेलो होतो. टूरवाल्यांनी तिथल्या राजधानीसाठी, पोर्ट लुईसाठी, तीन तास ठेवले होते, तेही सगळे बाजारासाठी. मी आणि वहिनी दोघीच संग्रहालयात गेलो. आता ठाण्यातून कुणी तिकडे निघालं की मी सांगते, एखादा समुद्रकिनारा कमी करा, पण हे बघाच.

इमारत म्हणजे जुनं लष्करी इस्पितळ. फ्रेंच गव्हर्नर लाबुर्दोने याच्या काळातलं, गुलामांच्याच हातचं. मादागास्कर, मोझांबिकमधून माणसं धरून आणत हे माहीत होतं. भारतातूनही आणत, हे नव्हतं. १७२३ च्या कायद्याप्रमाणे पळालेल्या गुलामाचे आधी कान कापून खांद्यावर डाग द्यायचे, पुन्हा पळाला तर पायाची शीर कापायची, तिसऱ्यांदा मृत्युदंड. वहिनी तिथे बराच वेळ काही बोलली नाही.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. 'गुलामगिरी रद्द झाली' एवढं फळ्यावर लिहून पुढच्या धड्याकडे वळायचे. इथे ती १ फेब्रुवारी १८३५ ला रद्द झाली खरी, पण सुटलेल्यांना आणखी चार वर्षं 'उमेदवार' म्हणून जुन्याच मालकाकडे राबावं लागलं. तोवर बेट ब्रिटिशांकडे गेलं होतं. ब्रिटिश सरकारने सगळ्या वसाहतींत मिळून २ कोटी पौंड भरपाई वाटली. ती मालकांना! मला अजून त्याचा राग येतो.

म्हणूनच तिथून थेट आप्रवासी घाटावर, म्हणजे भारतातून आणलेले करारी मजूर जिथे उतरत त्या धक्क्यावर जा, जवळच आहे. गुलामगिरी संपणार म्हटल्यावरही उसाच्या मळ्यांना माणसं हवीच होती. १८३४ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याहून पहिले ३६ मजूर आले. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना ५ रुपये. पुढे तर एक खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची रीत पडली. मुंबई बंदरातूनही जहाजं सुटत, त्यांत रत्नागिरीची माणसं असत. बोटीतून उतरून ती ज्या १६ दगडी पायऱ्या चढली, त्या अजून आहेत. माझं माहेर राजापूरचं. माझा पाय तिथून निघेना.

तिथली माहिती सांगणारी मुलगी आमचं बोलणं ऐकून मराठीत बोलू लागली, थोडी अडखळत. तिचे खापरपणजोबा रत्नागिरीचे. गाव कुठलं ते घरात कुणालाच ठाऊक नाही. "तिकडे आता भातलावणी असेल ना?" तिने विचारलं. वहिनीने तिला फोनमधले आमच्या शेताचे फोटो दाखवले.

दोन्हींना मिळून अर्धा दिवस हाताशी ठेवा. घाट रविवारी बंद असतो.