आडतीच्या गादीवर तीन हंगाम: .३२ बोअरच्या छोट्या पिस्तुलाचा अनुभव

लातूरच्या मार्केट यार्डात माझी भुसार मालाची आडत आहे. सोयाबीन आणि तुरीच्या हंगामात बँकेतून रोकड आणणे आणि रात्री हिशेब मिटवून ती घेऊन घरी जाणे हे काम रोजचेच असते. याच कारणासाठी मी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज केला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला जोडला, पोलीस पडताळणी झाली आणि २०२३ साली परवाना हाती आला. त्यावर घेतले ते देशी बनावटीचे .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचे माप) छोटे पिस्तूल. कारखान्याचे नाव लिहीत नाही, कारण माझे म्हणणे एखाद्या कारखान्यापेक्षा या धाटणीच्या शस्त्राविषयी आहे: पोलादी सांगाडा, पक्की बसवलेली नळी, आठ काडतुसांचे मॅगझिन (मुठीत बसणारे काडतुसांचे खोके) आणि ते सोडवण्याची खिट्टी मुठीच्या तळाशी.

.३२ बोअर मी हौसेने निवडलेला नाही. ९ मिलिमीटरचे नेहमीचे काडतूस आपल्या कायद्यात निषिद्ध बोअरमध्ये मोडते, त्यामुळे पिस्तूल घ्यायचे तर सामान्य परवानाधारकाची गाडी बहुधा .३२ वरच येऊन थांबते. जॉन ब्राउनिंगने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केलेल्या या काडतुसाची गोळी ७१ ग्रेनची, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या थोडी वर असते. तिची ताकद बेताची आहे हे मान्य करूनच हे पिस्तूल घ्यावे. मात्र दुकानात नुसते ‘बत्तीस बोअर’ म्हणून काडतुसे मागू नयेत, कारण रिव्हॉल्व्हरचे .३२ लांब असते आणि ते पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये बसतच नाही. आमच्या यार्डातील एका गृहस्थांनी अशी चुकीची पेटी घरापर्यंत नेली होती.

माझ्या मते या शस्त्राची खरी परीक्षा गोळी झाडताना होत नाही. ते दिवसातले बारा तास अंगावर असते आणि झाडण्याची वेळ, देवाच्या कृपेने, येत नाही. म्हणून ते बाळगण्यास कसे आहे हेच आधी पाहावे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेला लावायच्या म्यानात, किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे. कमरेला मूठ दिसेल असे खोचून लग्नात मिरवणे ही मर्दुमकी नसून नियमभंग आहे. आनंदाच्या भरात बेफिकिरीने हवेत बार काढणाऱ्याला तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही ठेवले आहे. बीड जिल्ह्यात मध्यंतरी कित्येक परवाने रद्द झाले, त्यानंतर तरी हे कोणाला वेगळे सांगावे लागू नये.

झाकून ठेवण्याच्या बाबतीत पिस्तुलाला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. जेमतेम इंचभर जाडी असल्याने रिव्हॉल्व्हरच्या चक्रासारखा फुगवटा येत नाही, आणि बाहेर सोडलेल्या सैल अर्ध्या बाह्यांच्या शर्टाखाली ते सहज लपते. अडचण आली ती आमच्या बैठकीमुळे. होल्स्टर विकणाऱ्याने ते उजव्या कमरेवर, किंचित मागे लावण्याचा सल्ला दिला होता आणि उभ्याने किंवा स्कूटरवर ते तेथे उत्तम बसते; पण गादीवर मांडी घालून लोडाला टेकले की मूठ लोडात रुतते, आणि मालाचा नमुना मुठीत घेण्यासाठी पोत्यावर वाकले की मागून शर्ट वर सरकून सगळ्या हमालांना दर्शन घडते. पोटाशी लावून पाहिले, तर मांडी घातल्यावर नळीचे टोक जांघेत टोचू लागले. अखेर डाव्या बाजूला, मूठ उजव्या हाताकडे येईल अशा आडव्या होल्स्टरवर मी स्थिरावलो. त्यात बसता येते, वाकता येते आणि जेवताना उठावे लागत नाही. हे होल्स्टर चापाची जागा पूर्ण झाकते, आणि तसे नसेल तर ते फुकट मिळाले तरी घेऊ नये. नळीत काडतूस ठेवून मी कधीही फिरत नाही. चुकून बार उडू नये म्हणून असलेल्या लॉकची कळ लहान आणि ताठ आहे, त्यामुळे केवळ तिच्या भरवशावर नळीत काडतूस असलेले पिस्तूल कमरेला लावण्याची माझी तयारी नाही. मॅगझिन भरलेल्या पिस्तुलाचे वजन पाऊण किलोच्या घरात जाते आणि साधा पट्टा संध्याकाळपर्यंत एका बाजूला लोंबू लागतो, म्हणून पट्टा जाड, दुपदरी चामड्याचा घ्यावा.

देखभालीत दोन शत्रू आहेत. पहिला घाम. बेचाळीस अंशांच्या वैशाखात अंगालगतच्या बाजूचा काळा मुलामा पहिल्याच उन्हाळ्यात फिका पडला. आता रोज रात्री तेलाचा फडका फिरवतो. दुसरा शत्रू भुसाराची धूळ. चाळणी चालू असली की सोयाबीनचा भुसा इतका बारीक उडतो की स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, खाचांतले तेल त्याला धरून ठेवते आणि दोन आठवड्यांत तेथे लापशी तयार होते, म्हणून आतून तेल अगदी नावापुरते लावतो. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुकांच्या वेळी पिस्तूल ठाण्यात जमा केले होते. पहिल्या खेपेस परत आले तेव्हा स्लाइडवर तांबूस ठिपके होते. त्यात दोष माझाच, कारण मी ते चामड्याच्या होल्स्टरसकट जमा केले होते आणि चामडे ओल धरते. दुसऱ्या खेपेस तेलाच्या फडक्यात गुंडाळून दिले, तसेच कोरडे परत आले.

झाडण्याविषयी थोडक्यात. माझ्या परवान्यावर वर्षाला पन्नासच काडतुसे आहेत, त्यामुळे पुण्याच्या एका रेंजवर जाऊन आजवर एकशे दहा झाडली. सात मीटरवरून गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडतात, जे मला पुरेसे आहे. स्लाइड मागे ओढायला जोर लागतो, कारण या धाटणीत सगळा धक्का स्प्रिंग आणि स्लाइडचे वजन यांनाच पेलायचा असतो. माझ्या पत्नीला ती पूर्ण ओढता आली नाही. नेम धरण्याची पुढची माशी इतकी बारीक आहे की मुलीच्या नखपॉलिशचा पांढरा ठिपका दिल्यावरच ती मला दिसू लागली. दोनदा काडतूस अडकले, आणि दोन्ही वेळा कारण मॅगझिन भरण्यातच सापडले: या काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते, आणि वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात. प्रत्येक काडतूस मागे नीट सरकवून भरू लागल्यापासून तक्रार नाही.

किंमत मला सव्वा लाखाच्या आसपास पडली, तीही २८ टक्के जीएसटी असताना. २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तुलांवर ४० टक्के कर आहे, तेव्हा नव्याने घेणाऱ्याने तो हिशेब धरावा. एवढ्या पैशांत माशी मोठी आणि लॉकची कळ जरा सैल मिळायला हरकत नव्हती.

औशाजवळच्या आमच्या गावी राहणाऱ्या तात्यांनी दिवाळीत पिस्तूल पाहिले आणि आपणही असेच घ्यावे का, असे विचारले. तात्या वर्षभर धोतर आणि बंडी वापरतात. मी म्हणालो, “तात्या, तुमच्या धोतराला पट्टा नाही, होल्स्टर लावणार कुठं?” त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घालून अंदाज घेतला, तेथे असलेली चंची बाहेर काढली, पान लावले आणि म्हणाले, “मग आपली बाराबोअरच बरी. ती निदान खुंटीला तरी राहती.”