हॉटस्पॉट आणि हायस्प्लिट: दोन फुकट मॉडेल्स, दोन निराळी कामं

किरणोत्सर्गी द्रव्य हवेत सुटलं की पहिल्या तासात प्रश्न एकच असतो: वारा ज्या बाजूला जातोय तिथे कोणती गावं आहेत आणि तिथल्या माणसांना डोस किती बसेल? त्यासाठीची दोन सॉफ्टवेअर्स फुकट मिळतात, लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचं 'हॉटस्पॉट' आणि अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान संस्थेचं 'हायस्प्लिट'. यातलं सरस कोणतं, हा वाद व्यर्थ आहे. एकाच्या जागी दुसरं वापरलं तर मात्र नकाशा चुकतो.

हॉटस्पॉट विंडोजवर चालतं आणि उत्तर लगेच देतं. आग, स्फोट की साधी गळती ते निवडायचं, मग आयसोटोप (किरणोत्सर्गी द्रव्य नेमकं कोणतं) आणि बेकरेल या किरणोत्सर्गाच्या एककात साठा भरायचा. त्यातला किती भाग खरोखर बाधित झाला, किती हवेत उडाला, त्यातला किती श्वासातून आत जाईल इतका बारीक आहे आणि किती इमारतीबाहेर पडला, हे अपूर्णांक एकमेकांना गुणले जातात. सगळीकडे १ ठेवला तर उत्तर कैक पटींनी फुगतं. मग १० मीटर उंचीवरचा वारा आणि स्थिरता वर्ग, म्हणजे हवा किती घुसळते त्याची ए (सर्वात जास्त) ते एफ (सर्वात कमी) प्रतवारी. वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिथून येतो ती. पश्चिमेच्या वाऱ्याला २७०. इथे उलटा आकडा टाकला की डोसचे पट्टे गुगल अर्थवर बरोबर विरुद्ध बाजूला उमटतात.

सगळ्यात महाग पडते ती स्थिरता वर्गाची चूक. जमिनीलगतची गळती, वारा तेवढाच आणि फक्त वर्ग डी ऐवजी एफ, एवढ्याने मोकळ्या सपाट जमिनीवर १ किलोमीटरवरची मध्यरेषेवरची संहती (हवेतलं द्रव्याचं प्रमाण) साधारण सहापट होते. ए आणि एफमधला फरक नव्वदपटीच्या आसपास. म्हणून 'ढगाळ वाटतंय, डी टाका' असं चालत नाही. सूर्य किती वर आहे, ढग किती आणि वारा किती, हे पाहूनच वर्ग ठरवावा. दुसरी अडचण मंद वाऱ्याची: सूत्रात वेग छेदात असल्याने वारा सेकंदाला १ मीटरच्या खाली गेला की आकड्यावर भरवसा ठेवू नये. काही तासांची गळती, १० किलोमीटरपर्यंतचं अंतर आणि सपाट प्रदेश ही हॉटस्पॉटची हद्द. घाटात ते उघडूच नका.

किनाऱ्यावरही सांभाळून. तारापूरसारख्या जागी दुपारी खारे वारे आत येतात, रात्री मतलई वारे उलटे वाहतात. संध्याकाळी समुद्रावर गेलेला प्लूम (सुटलेल्या द्रव्याचा ढग) दुसऱ्या दिवशी परत येऊ शकतो, आणि एकच वारा, एकच वर्ग धरणाऱ्या मॉडेलला हे दिसणारच नाही.

हायस्प्लिट हवामानाच्या जाळीतून (चौकटी-चौकटींत दिलेल्या वाऱ्या-पावसाच्या आकड्यांतून) कण सोडून त्यांचा माग काढतं, त्यामुळे वळणारा वारा त्याला कळतो. पण जाळी पाव अंशाची घेतली तर एक चौकट जवळपास २८ किलोमीटरची. तीत अर्धा समुद्र, अर्धी जमीन. खारे वारे गायब. डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल एक ते तीन किलोमीटरच्या चौकटींवर चालवून त्याचं उत्तर हायस्प्लिटच्या साच्यात रूपांतरित करावं, तेव्हा कुठे किनारा दिसतो. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत द्यायची. भारतीय वेळ तशीच टाकली की साडेपाच तासांचा घोळ, म्हणजे किनाऱ्यावर दुपारच्या वाऱ्यांऐवजी रात्रीचे वारे. अर्धायुष्य दिवसांत भरायचं: आयोडीन-१३१ साठी ८.०२. द्रव्य जमिनीवर जमा होण्याची मूल्यं सुरुवातीला शून्य असतात. ती भरली नाहीत तर पाऊस पडूनही जमिनीवर काहीच दिसत नाही. फुकुशिमात वायव्येकडच्या इइताते गावावर मोठा थर बसला तो १५ मार्च २०११ च्या पावसा-बर्फानेच. बारीक जाळीवर कण कमी सोडले तर नकाशा ठिपक्याठिपक्यांचा होतो, संख्या वाढवा. आणि नोंदणी न करता उतरवलेली चाचणी आवृत्ती अंदाजाच्या हवामानावर चालत नाही, त्यामुळे नोंदणी आधीच करून ठेवा. आणीबाणीत त्यासाठी थांबता येत नाही.

विक्रेते 'प्रमाणित मॉडेल' म्हणतात तेव्हा विचारावं, कशावर? जवळच्या अंतरासाठी १९५६ चा नेब्रास्कातला प्रेअरी ग्रास प्रयोग, १० मिनिटांचं सल्फर डायऑक्साइड, ५० ते ८०० मीटरवर कमानींत मांडलेली मोजयंत्रं. लांबसाठी १९९४ चा युरोपातला ईटेक्स प्रयोग, ३४० किलो ट्रेसर (माग काढण्यासाठी सोडलेला वायू). निम्मे अंदाज मोजमापाच्या निम्म्या ते दुपटीच्या आत आले तर मॉडेल चांगलं धरतात. मात्र कमानीवरचा कमाल आकडा जुळवणं सोपं. त्याच जागी, त्याच वेळी जुळवणं फार अवघड. कोणती जुळवणी केली ते न सांगता दिलेली टक्केवारी बाजूला ठेवावी.

सोर्स टर्म, म्हणजे किती द्रव्य कधी सुटलं तो आकडा, मात्र दोन्हींपैकी कोणतंही मॉडेल देत नाही. जपानच्या 'स्पीडी' या सरकारी अंदाजप्रणालीला २०११ मध्ये तोच मिळाला नाही. तासाला १ बेकरेल धरून नकाशे काढले गेले आणि स्थलांतराच्या निर्णयात ते वापरले गेले नाहीत. खरं तर एकक उत्सर्जनाची युक्ती चांगली आहे: हायस्प्लिटमध्ये प्रत्येक तासाचा १ एकक वेगळा चालवून ठेवायचा, मोजमापं येतील तसं गुणून बेरीज करायची. अणुभट्टीच्या स्थितीवरून सोर्स टर्मचा अंदाज हवा असेल तर अमेरिकी नियामकांचं 'रास्कल' बघावं, पण ते मुख्यतः तिथल्या अणुभट्ट्यांसाठी बांधलेलं आहे.

प्रयोगशाळा, औद्योगिक स्रोत, वाहतुकीतला अपघात: हॉटस्पॉट. अणुवीज केंद्र, किनारा, डोंगर किंवा १० किलोमीटरपलीकडचं काहीही: हायस्प्लिट, तेही स्थानिक डब्ल्यूआरएफ रोज आपोआप चालत असेल तरच.