फोटो जागेवर राहत का नाही? वर्ड प्रोसेसरमध्ये सचित्र पुस्तिका करतानाचा अनुभव

जिल्ह्यातल्या बारवांवर, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवर, एक छोटी पुस्तिका करायचं काम गेले काही महिने चालू आहे. जवळपास प्रत्येक पानावर एकदोन फोटो, मधूनमधून हाताने काढलेले आराखडे आणि प्रत्येकाखाली माहितीची ओळ. मजकूर शेवटपर्यंत बदलत राहणार होता आणि फाइल तिघाचौघांच्या संगणकांवर फिरणार होती, म्हणून डीटीपी न करता सगळं वर्ड प्रोसेसरमध्येच करायचं ठरलं. या काळात वेगवेगळी सॉफ्टवेअर वापरून झाली. लिहायला सगळीच चांगली आहेत. फोटो लावायला बसलं की मात्र सगळीच छळतात.

छळाचा प्रकार ओळखीचा असेल. तिसऱ्या पानावर कोणीतरी दोन वाक्यं वाढवतं आणि नवव्या पानावरचा फोटो उडी मारून दहाव्यावर जातो. मागे अर्धं पान कोरं. तो माउसने ओढून परत आणावा तर बाजूचा मजकूर फाटतो आणि खालची ओळ भलत्याच फोटोखाली जाऊन बसते.

कारण समजून घेतल्यावर राग थोडा कमी झाला, तक्रार मात्र वाढली. पेजमेकरसारख्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो पानावर ठेवलेला असतो आणि मजकूर त्याला वळसा घालतो. वर्ड प्रोसेसरमध्ये तसं नसतं. तिथे फोटो एक तर ओळीतल्या मोठ्या अक्षरासारखा असतो, नाहीतर कुठल्यातरी परिच्छेदाला बांधलेला असतो. परिच्छेद पुढच्या पानावर गेला की फोटोही जातो. अख्खा परिच्छेद पुसला तर फोटोही जातो, आणि तो कुठे गेला ते कळत नाही. ही गाठ दाखवणारी अँकरची छोटी खूण असते, पण फोटो निवडल्याशिवाय ती दिसत नाही. पडद्यावर कागद दिसतो, हाताने ओढता येतं, त्यामुळे कोणालाही वाटणार की फोटो कागदावर ठेवला आहे. वापरणाऱ्याची ही समजूत सॉफ्टवेअरच करून देतं आणि नंतर त्याचा त्रास त्यालाच होतो. माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

मराठीत काम करणाऱ्यांना याहून जास्त भोगावं लागतं, आणि याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. मंगल फॉन्टमध्ये दोन ओळींमधलं अंतर बरंच मोठं येतं. ते आवळायला बहुतेक जण ओळींचं अंतर 'एक्झॅक्टली' करून एक आकडा टाकतात. मजकूर छान दिसतो. पण त्या परिच्छेदात ओळीतला फोटो टाकला की त्याची फक्त एका ओळीइतकी पट्टी दिसते. साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटेच्या विहिरीचा सुंदर अष्टकोन, आणि पानावर दगडाची एक चिरी! फाइल बिघडली असं समजून लोक फोटो पुन्हा पुन्हा टाकत बसतात. उपाय एवढाच की फोटोच्या परिच्छेदाचं अंतर 'सिंगल' करायचं. त्याची वेगळी स्टाइल करून ठेवली तर दर वेळी आठवावंही लागत नाही.

दुसरी अडचण फॉन्ट नसण्याची. विंडोज १० पासून मंगल प्रत्येक संगणकावर आपोआप असतोच असं नाही; देवनागरीच्या पूरक फॉन्टमध्ये तो वेगळा घ्यावा लागतो. समोरच्याकडे तो नसेल तर दुसरा फॉन्ट लागतो, ओळी लांब-आखूड होतात, पानं सरकतात आणि पानांबरोबर फोटोही. वाटतं फोटोच पळतायत, खरं तर अक्षरांची मापं बदललेली असतात. आम्ही शेवटी मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता हा खुला फॉन्ट सगळ्यांच्या संगणकांवर टाकला, शिवाय सेव्हच्या पर्यायांमधून तो फाइलमध्येच जोडला. त्यानंतर पानं सरकणं जवळजवळ थांबलं.

जागेवर बसवण्याच्या ज्या पद्धती करून पाहिल्या, त्यातली एकच मी खात्रीने सांगेन. बिनरेघांचं टेबल करायचं. वरच्या चौकटीत फोटो, खालच्या चौकटीत त्याची ओळ. फोटोला वर्डमध्ये 'इन लाइन विथ टेक्स्ट' आणि लिबरऑफिस रायटरमध्ये 'अ‍ॅज कॅरेक्टर' द्यायचं. वर्डमध्ये टेबलाच्या पर्यायांत जाऊन मजकुरानुसार आपोआप रुंदी बदलण्याची खूण काढायची, नाहीतर मोठा फोटो चौकटच ताणतो. टेबलाची ओळ दोन पानांत तुटू न देण्याची व्यवस्था करायची आणि वरच्या ओळीला 'कीप विथ नेक्स्ट' द्यायचं, म्हणजे फोटो एका पानावर आणि माहिती दुसऱ्यावर असं होत नाही. दोन फोटो शेजारी हवे असतील तर दोन रकाने. मजकूर फोटोला वळसा घालून वाहतो ती शोभा यात नाही. मला तिची किंमत या कामात फार वाटत नाही; वाचकाला पायऱ्यांचा फोटो पायऱ्यांच्या वर्णनाजवळ मिळायला हवा, एवढं पुरे.

छापायला देणाऱ्यांसाठी आणखी एक. वर्डमध्ये फाइल सेव्ह करताना फोटो दाबून लहान करण्याची सोय मुळातच चालू असू शकते, आणि अनेक आवृत्त्यांत तिचं माप २२० पीपीआय (एका इंचातले बिंदू) आहे. छपाईला साधारण ३०० मागतात. फोटो टाकण्याआधीच वर्डच्या 'ऑप्शन्स'मधल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन ही सोय बंद करा. एकदा कमी झालेला तपशील फाइलमधून परत मिळत नाही. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असू द्या.

चार-पाच पानांचा अहवाल असेल तर वर्ड प्रोसेसर घ्या, टेबलाची पद्धत वापरा, काम होईल. पन्नास पानांच्या पुढे आणि पानोपानी फोटो असतील तर मजकूर इथे पक्का करून मांडणी स्क्रायबससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करा. ते शिकायला वेळ लागतो, पण तिथे फोटो ठेवला तिथेच राहतो. आमच्या पुस्तिकेचा मजकूर आता पक्का होत आला आहे आणि पुढची आवृत्ती आम्ही तशीच करणार आहोत.