चार तासांत झालेलं सिरॅमिक कोटिंग आणि छतावरचे दुधट डाग

आमच्या घरापुढं शेड नाही. साताऱ्यात जूनपासून गाडी रोज भिजते, त्यात सासुरवाडी मेढ्याला, म्हणजे आठवड्याला एक फेरी पावसातूनच. नव्या गाडीचा गडद निळा रंग टिकावा म्हणून यंदा जूनमध्ये १८,००० रुपये रोख मोजून सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा पाणी झटकणारा संरक्षक थर, करून घेतलं. सकाळी दहाला गाडी दिली, दुपारी दोनला परत मिळाली. बाहेर भुरभुर चालू होती. "साहेब, बिनधास्त न्या, आता पाच वर्षं पावसाची चिंता नाही," दुकानदार म्हणाला.

फसवणूक त्या चार तासांतच दिसत होती, मला ती ओळखता आली नाही. खरं कोटिंग करायचं तर गाडी धुऊन क्ले बारनं (मऊ मातीसारख्या वडीनं) रंगात रुतलेली घाण काढायची, मशीननं पॉलिश करायचं, पॉलिशचा तेलकटपणा पुसायचा आणि मग कोरड्या, बंद जागेत एकेका पॅनलवर कोटिंग चढवायचं. त्यानंतर निदान २४ तास पाणी लागू द्यायचं नाही. माझ्या गाडीला नुसतं चकचकीत पॉलिश फासलं होतं. तीन आठवडे थेंब घरंगळले, नंतर पाणी पत्र्यावर पसरून बसायला लागलं.

खरा घात केला कव्हरनं. तेही त्याच्याकडूनच घेतलेलं, २,२०० रुपयांना, आतून रेक्झिनसारखं. "ओली असली तरी झाका," असं त्यानं सांगितलं आणि मी तसंच करत गेलो. ऑगस्टमध्ये दोन दिवस कडक ऊन पडलं. कव्हर काढलं तर छतावर आणि बॉनेटवर दुधट डाग. पुसून जाईनात. बोअरच्या पाण्याचे क्षाराचे ठिपके असतात तसे हे नव्हते, रंगाच्या आतून आल्यासारखे होते.

एमआयडीसीतल्या ओळखीच्या पेंटर मिस्त्रींना दाखवलं. ते म्हणाले, "रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, काचेसारखा दिसतो, पण ती काच नव्हे. पाणी कव्हरखाली कोंडलं आणि वरून ऊन लागलं की दमट वाफ त्यात शिरते." चार दिवस गाडी त्यांच्या शेडमध्ये उघडी ठेवली. बॉनेटवरचे डाग बरेचसे विरले, छतावरचे तसेच राहिले.

दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, दर तीन महिन्यांची पैसे भरून सर्व्हिस घेतली नाही तर वॉरंटी बाद. अहो, तीन महिने तरी कुठे झाले होते! कार्डावर ना कोटिंगचं नाव, ना बॅच नंबर, नुसता शिक्का. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची तर पुरावा हवा, आणि माझ्याकडं साधं बिलही नाही.

कोटिंग करणार असाल तर सीलबंद बाटली समोर फोडायला लावा, जीएसटीचं पक्कं बिल घ्या, आणि दुपारपर्यंत गाडी देतो म्हणणाऱ्याकडं गाडी सोडू नका. कव्हर हवा खेळेल असंच घ्या आणि गाडी कोरडी असतानाच घाला.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की मिस्त्री छताला मशीन पॉलिश करून बघणार आहेत. नाहीच निघाले डाग, तर छत पुन्हा रंगवावं लागेल.